मावशीचा ठाव

मोरेश्वर तारींनी चाळीस वर्षं होडीचे प्रमुख, म्हणजे तांडेल, म्हणून समुद्रावर काढली, पण मासळी कुठे मिळाली हे एकदाही खरं सांगितलं नाही. देवगड बंदरात होडी लागली, टोपल्या उतरू लागल्या की कुणीतरी विचारायचंच, "तांडेल, खंय गावली?" आणि मोरू तांडेल दोर गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "भायर." बाहेर, म्हणजे समुद्रात. तेवढं विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं. तरी कुणी रागावत नसे, कारण उद्या तोच प्रश्न त्याला विचारला तर तोही हेच उत्तर देणार होता. मासळीची जागा भावाला सांगत नाहीत, जावयाला सांगत नाहीत. सांगितलेली जागा दोन दिवसांत ओस पडते.

त्यांची मुलगी हेमांगी मात्र समुद्रात कोण कुठे आहे हे सांगण्याचाच पगार घेत होती.

मिठमुंबरीच्या सड्यावर, समुद्रालगतच्या कातळमाळावर, केबल केंद्र होतं. तिथून निघालेली मनगटाएवढी केबल समुद्राच्या तळावरून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात होती. तिच्या आत काचेचे केसासारखे तंतू होते आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने लोकांचे फोन, सिनेमे आणि भांडणं ये-जा करत. एक तंतू रिकामा होता आणि तो हेमांगीच्या ताब्यात होता. त्यात लेसरचे झोत एकामागून एक सोडले की काचेतल्या बारीक दोषांवर आपटून थोडा थोडा प्रकाश मागे येतो. वर पाण्यात आवाज झाला की केबल नकळत ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशात ती थरथर उमटते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून थरथर कुठे झाली तेही कळतं. थोडक्यात, दर दहा मीटरला एक कान. अरबी समुद्राच्या तळाशी असे लाखभर कान पसरलेले होते.

२०३९पर्यंत यंत्र या कानांतून येणारे आवाज वेगळे करायला शिकलं. कुठला देवमासा कुठला, हे ते माणसाच्या आवाजासारखं ओळखू लागलं. अरबी समुद्रातले कुबडाचे देवमासे दुसरीकडे जात नाहीत, इथेच जन्मतात आणि इथेच मरतात. हेमांगीच्या यादीत ते सत्त्याऐंशी होते.

ते मारले जाऊ लागले त्याला दोन वर्षं झाली होती. लहान मासळी आटली तशी मोठ्या मांसाची मागणी वाढली, शिकारीवरच्या जुन्या बंदीत पळवाट निघाली आणि परक्या देशांचे भाड्याचे झेंडे लावलेली जहाजं दोनशे सागरी मैलांच्या हद्दीपलीकडे फिरू लागली. हद्दीपलीकडे कुणाचाच कायदा नव्हता. मार्चमध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत नव्या बंदीवर मतदान होणार होतं. अकरा देश कुंपणावर बसले होते. ते कुठल्या बाजूला उतरतील हे त्यांच्या देशातले लोक किती आरडाओरडा करतात यावर ठरणार होतं.

आरडाओरड्याचं काम उत्पला बर्वेंकडे होतं. उत्पलाताई पुण्याच्या. वीस वर्षं त्यांनी जाहिराती केल्या, बिस्किटांपासून विम्यापर्यंत. मग ते सोडून त्या या मोहिमेत पडल्या, आणि पडल्या त्या मनापासून.

"सत्त्याऐंशी जिवांसाठी कुणी रडत नाही, हेमांगी," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "एकासाठी रडतात. मला एक दे."

हेमांगीने त्यांना अठरा क्रमांकाची मादी दिली. तिच्याबरोबर आठ-नऊ महिन्यांचं पिल्लू होतं. नर गातात, मादी आणि पिल्लू मात्र हलक्या आवाजात बोलतात, जवळच्यालाच ऐकू जाईल असं. तिचं कण्हल्यासारखं बोलणं आणि पिल्लाचं चिवचिवाटाला लागून असलेलं उत्तर फोनवर ऐकू येईल अशी सोय झाली. नावासाठी लोकांची मतं घेतली. साताऱ्याच्या एका बाईंनी 'मावशी' सुचवलं आणि ते एका दिवसात पक्कं झालं. माय मरो पण मावशी जगो, या म्हणीचा उत्तरार्ध फलकांवर आला: मावशी जगो. पूर्वार्धाचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

सुरुवातीला आवाज सहा तास उशिराने सोडला जाई. ती अट हेमांगीची होती. जानेवारीच्या शेवटी उत्पलाताई सड्यावर आल्या आणि त्यांनी आकडे पुढे ठेवले. लोक दोन मिनिटं ऐकतात आणि जातात.

"शिळं आहे ते, म्हणून. ती आत्ता बोलतेय असं कळलं तर माणूस फोन खाली ठेवणार नाही. जागा सांगू नकोस. फक्त आवाज. आवाजावरून काय कळणार आहे?"

हेमांगीने तीन दिवस विचार केला. आवाजाबरोबर जाणारी प्रत्येक खूण तिने काढून टाकली, केबलवरचं स्थान, खोली, पाण्याचं तापमान. मग उशीर काढला. मावशी फिरेल तसा तिच्या सर्वांत जवळचा कान यंत्र आपोआप निवडी आणि तो आवाज चार सेकंदांत देशभर पोचे. चार सेकंद, कधीही कमीजास्त नाही. या नेमकेपणाचा तिला अभिमान होता. एका विज्ञान मासिकात तिने त्यावर लेखही लिहिला.

घरी जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा मोरू तांडेलांनी भाताचा घास हातातच ठेवला.

"मासळी ताजी व्हयी," ते म्हणाले, "खबर शिळी व्हयी."

"बाबा, आमी जागा नाय सांगणव."

"ती आसा, इतक्या तरी सांगतस मां?"

हेमांगी हसली. आई गेल्यापासून बाबा सगळ्यातच खोट काढतात, असं ती त्या वेळी मनात म्हणाली.

तीन मार्चला मावशीच्या आवाजात एक नवा आवाज मिसळला. ठक, ठक, ठक. मग थोडी शांतता. मग पुन्हा तीन. तासाला पाच-सहा वेळा. मावशी त्यावर कधी कधी उत्तरल्यासारखी बोले आणि पिल्लू तर प्रत्येक वेळी.

उत्पलाताईंचा फोन दहा मिनिटांत आला. "ती आपल्याशी बोलतेय. तुला तसं म्हणायची गरज नाही. लोकच म्हणतायत."

लोक म्हणत होतेच. शाळांच्या प्रार्थनेनंतर मुलं तीन टाळ्या वाजवू लागली. कोल्हापूरच्या एका भाजी मंडईने रोज सकाळी अकराला तीन टाळ्या सुरू केल्या. ऐकणाऱ्यांचा आकडा चाळीस लाखांवरून एक कोटीवर गेला. कुंपणावरच्या अकरांपैकी पाच देश बंदीच्या बाजूला उतरले.

हेमांगीने नोंदवहीत लिहिलं, 'अज्ञात.' तो आवाज फार टोकदार सुरू होतो, मांसल गळ्यातून असा आवाज निघणं अवघड आहे, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दूरचित्रवाणीवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही कुठलीच शक्यता नाकारत नाही." वाक्य खोटं नव्हतं. आवाज कुठून येतो हे पाहायचं तर केबलच्या इतर कानांतली नोंद ताडून बघायची, अर्ध्या तासाचं काम. सहा दिवसांत तो अर्धा तास तिला मिळाला नाही.

नऊ मार्चला, मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला मोरू तांडेल डबा घेऊन केंद्रावर आले. हेमांगी सकाळपासून जेवली नव्हती. बांगड्याचं तिखलं आणि भाकरी. डबा टेबलावर ठेवताना त्यांनी भिंतीवरच्या कर्ण्यातून तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांच्याकडे फोन नव्हता आणि टाळ्यांच्या गोष्टी त्यांनी फक्त बंदरावर ऐकल्या होत्या.

ठक, ठक, ठक.

"ह्यो कोण ठोकता?" त्यांनी विचारलं.

"मावशी. असा लोक म्हणतत."

"मासो खंयचो. ह्यो ठोको." ते खुर्चीवर बसले. "आमी पूर्वी जाळ्यात मासळी हाकवची तर होडीचे बाजूर दांडक्यान ठोकीत असू. ह्या लोखंडार ठोकतत."

"मगे मासळीच हाकवत असतीत."

"नाय गो. हाकवतलो माणूस येड्यासारखो ठोकीत सुटता. थांबणा नाय." कर्ण्यातून पुन्हा तीन ठोके आले आणि शांतता पसरली. तांडेलांनी बोट वर केलं. "बघ. ह्यो ठोकता आणि थांबता. आयकता."

हेमांगीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

चार वाजून पाच मिनिटांनी तिच्यासमोर नकाशा होता. ठोका आधी एका कानाला ऐकू आला होता, मग त्याच्या शेजारच्याला, मग पुढच्याला. ती रांग मागे नेली की उगम सापडत होता. तीन तारखेला तो मावशीपासून दीडशे किलोमीटरवर होता, सहा तारखेला ऐंशीवर. आज सव्वीस.

कुणीतरी जहाजाच्या तळावर हातोडा मारत होतं आणि हातात साधा फोन घेऊन देशातल्या कोटीभर लोकांसारखंच मावशीला ऐकत होतं. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. ठोका मारल्यापासून तो फोनमधून परत ऐकू येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं आणि त्यातून चार वजा करायचे. ते चार सेकंद तिच्याच लेखात छापून आले होते. उरलेल्याची दीडपट म्हणजे मावशी किती लांब. जागा बदलून तीनदा ठोकलं की दिशाही कळली. हाक मारायची आणि ओ किती वेळाने येते ते बघायचं. समुद्रात हेमांगीने पसरलेले कान त्यांना फुकट मिळाले होते.

तटरक्षक दलाच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जहाज हद्दीबाहेर आहे आणि आमची सर्वांत जवळची नौका नऊ तासांवर, तो म्हणाला. मग तिने पुण्याला, मोहिमेच्या सभेत असलेल्या उत्पलाताईंना फोन लावला. मागे प्रचंड गर्दीचा आवाज येत होता.

"मैदानावर तीन लाख आहेत," उत्पलाताई म्हणाल्या. "मोठ्याने बोल."

हेमांगीने सांगितलं. 

"म्हणजे सहा दिवस लोक हातोड्याला टाळ्या देतायत."

"हो. मी आवाज बंद करतेय."

"थांब. किती लांब आहे म्हणालीस जहाज?"

"सव्वीस किलोमीटर. सरळ आलं तर तासाभरात पोचेल."

"सरळ येईल?"

"आत्तापर्यंत आलेलं नाही. चुकत चुकत येतायत."

"मग ऐक. पाच वाजता उरलेल्या सहाही देशांचे लोक मैदानाशी जोडले जाणार आहेत. आवाज आत्ता इथे कर्ण्यांवर चालू आहे. बंद पडला तर ही गर्दी फुटेल आणि उद्या छापून येईल की सगळं बनावट होतं. उद्या मत गेलं तर सत्त्याऐंशीही गेले, हेमांगी. पाच वीसला बंद कर. पाच वीसनंतर तू म्हणशील तेवढा उशीर ठेव. मी स्वतः माईकवर सांगेन हातोड्याचं."

आवाज बंद करायची कळ हेमांगीच्या टेबलावर होती. परवानगीची तशी गरजच नव्हती, हे तिला नंतर पुष्कळदा आठवलं. तिने हिशोब केला. जहाज चुकत येतंय, वेग कमी होतोय, पाच वीसपर्यंत आठ-दहा किलोमीटर उरतील. हिशोब बरोबर वाटला.

"पाच वीस," ती म्हणाली.

"बंद कर," मोरू तांडेल म्हणाले. त्यांना फोनवरचं अर्धंच ऐकू आलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"थोडोच येळ, बाबा. उद्या मत आसा."

ते उठून बाहेर पायरीवर, समुद्राकडे तोंड करून बसले. डबा तसाच राहिला.

पाचला पुण्याचं मैदान जोडलं गेलं. कर्ण्यातून ठक, ठक, ठक, आता दर मिनिटाला, आणि त्यामागोमाग तीन लाख माणसांच्या टाळ्या. पिल्लू उत्तर देत होतं. नकाशावर सव्वीसचे एकोणीस झाले, मग नऊ, मग एकदम तीन. जहाजाने चुकणं थांबवलं होतं. हेमांगीचा हात कळेवर गेला आणि तिने घड्याळ पाहिलं. पाच दहा. आणखी दहा मिनिटं.

पाच सोळाला ठोके थांबले. मैदानाने तरीही तीन टाळ्या दिल्या आणि वाट पाहिली.

मोरू तांडेल दारात येऊन उभे होते. "थांबलो," ते म्हणाले. "आता तेंका डोळ्यान दिसता."

तिने कळ दाबायच्या आत जहाजावरून मारलेल्या स्फोटक भाल्याचा आवाज आला. एक कोटी सत्तर लाख लोकांनी तो चार सेकंदांनी ऐकला. मग दुसरा. मग मावशीचा आवाज, जो यंत्राने याआधी कधी नोंदलेला नव्हता. उत्पलाताई फोनवरच होत्या. त्या रडतच म्हणाल्या, "आता बंद करू नकोस."

हेमांगीने बंद केलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशीला मरायला एकोणीस मिनिटं लागली. पिल्लाचा आवाज अकराव्या मिनिटाला दूर गेला.

दुसऱ्या दिवशी बंदी एकसष्ट विरुद्ध चार मतांनी मंजूर झाली. कुंपणावर एकही देश उरला नव्हता. करार लागू व्हायला चाळीस देशांच्या संसदांनी तो मान्य करायला हवा होता, त्याला दीड-दोन वर्षं लागतील असा अंदाज होता. हातोड्याबद्दल उत्पलाताईंनी माईकवर काही सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, असं त्यांचं म्हणणं. हेमांगीनेही सांगितलं नाही.

एप्रिलच्या एकवीस तारखेला, सकाळी साडेदहाला, यंत्राने तिच्यासमोर एक तुकडा ठेवला. केबलवरचं ठिकाण नवीन होतं. आवाज लहान आणि खालच्या पट्टीतला. तीन आघात, मग शांतता. मग पुन्हा तीन.

तिने आधी जहाज शोधलं. शंभर किलोमीटरच्या आत जहाज नव्हतं. यंत्राने आवाजाची ओळख खाली लिहिली होती: अठराचं पिल्लू, खात्री शेकडा चौऱ्याण्णव. ते जगलं होतं. आणि ते तीन हुंकार टाकून थांबत होतं. आईजवळ असताना शेवटचे सहा दिवस ज्या आवाजाला ते उत्तर देत होतं, तोच आवाज आता गळ्यातून काढून ते कुणीतरी ओ देण्याची वाट पाहत होतं. हेमांगीने सगळा तुकडा ऐकला. मग खोलीचं दार लावून पुन्हा ऐकला.

त्याच आठवड्यात उत्पलाताईंचा फोन आला. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"चाळीसपैकी सहा संसदा झाल्या. बाकीच्यांना घाई नाही. लोक विसरायला लागलेत. रोज एकच पत्र येतं, पिल्लू कुठे आहे? नऊ लाख पत्रं आहेत, हेमांगी. मला ते जिवंत असल्याचं दाखव. सहा दिवस शिळा आवाज दे, महिनाभर शिळा दे. जागा नको, तारीख नको. ते आहे, एवढंच."

ते आहे, एवढंच. हेमांगी समोरच्या पडद्याकडे पाहत होती. ते आहे असं कळलं की त्याचा आवाज मागतील. आवाज ऐकला की तीन ठोके ऐकू येतील. मग जागा शोधायची कुणाला गरजच नव्हती. समुद्रात कुठेही उभं राहून लोखंडावर तीनदा ठोकलं असतं तर ते आपणहून आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "नोंद नाही."

"एकही?"

"नऊ मार्चनंतर एकही नाही."

उत्पलाताई हेमांगीला दोन वर्षं ओळखत होत्या. "हे मला लेखी हवंय. तुझ्या सहीने."

तिने लेखी दिलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत सही करून लिहिलेलं ते पहिलं खोटं. दोन दिवसांनी वर्तमानपत्रांनी चौकट छापली: मावशीचं पिल्लूही दगावलं. काही शाळांनी शेवटच्या तीन टाळ्या वाजवल्या. मग मोहिमेचं कार्यालय लहान झालं, मग ते एका खोलीत आलं. जूनपर्यंत आठ संसदा झाल्या होत्या. नववी लवकर होण्याचं चिन्ह नव्हतं, आणि पिल्लू जिवंत आहे असं लोकांना कळलं असतं तर ती झाली असती हे हेमांगीला पक्कं माहीत होतं. सत्त्याऐंशीची यादी तोवर एकोणऐंशीवर आली होती.

त्या लेखी उत्तरानंतर तिने यंत्राला एक गोष्ट शिकवली. तीन आघात आणि शांतता, असा आवाज आला की त्याला 'इंजिन' म्हणायचं आणि नोंदीतून गाळायचं. यंत्र पटकन शिकलं. त्या तंतूवर दुसरं कुणी बसलं तरी त्याला आता ते ऐकू येणार नव्हतं. तिलाही नाही.

यंत्राला शिकवलं त्याच संध्याकाळी ती चालत बंदरावर गेली. ऊन अजून उतरलं नव्हतं. मोरू तांडेल उपड्या होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. शेजारी दोघंतिघं जुने खलाशी होते. ती बापाशेजारी वाळूत बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक तिने ताणून धरलं.

त्यांनी वर न पाहता हळू विचारलं, "पिलू खंय आसा?"

हेमांगीने शेजारच्या खलाशांकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"भायर," ती म्हणाली.

मोरू तांडेलांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मान हलवली, जाळ्याची पुढची गाठ मारली आणि पुन्हा विचारलं नाही.